किलोभर धने

"एक डोळा मिटा, बाबा, आणि दुसरा इथं लावा," डॉक्टर आरफा म्हणाल्या.

हौशीरामनं टोपी काढून काखेत धरली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकला. आधी नुसता जांभळा धुरळा दिसला. मग धुरळा स्थिर झाला आणि त्यात गोल उमटले. प्रत्येकाचा काठ नीट बांधलेला, मधे फिकट निळसर काहीतरी साचलेलं.

"विहिरी दिसत्यात," तो म्हणाला. "लई. एकीला लागून एक."

आरफा हसल्या. त्या मूळच्या जुन्नरच्या. नारायणगावच्या या लॅबमध्ये दर गुरुवारी यायच्या. वयानं हौशीरामच्या धाकट्या लेकीएवढ्या. "विहिरीच आहेत. पण त्या इथं नसायला हव्यात. किडनीत लघवी साठते तिथलं अस्तर सारवलेल्या भिंतीसारखं सपाट असतं. अशा पाझरणाऱ्या विहिरी असतात आतड्यात."

हौशीरामला बरणी आठवली. पंधरा दिवसांपूर्वी मंचरच्या सर्जननं त्याच्या बायकोची, प्रयागबाईची, डावी किडनी काढली, औषधाच्या पाण्यात बुडवली आणि इथं तपासायला पोचवण्यासाठी त्याच्याच हातात दिली. बारा वर्षांच्या मुतखड्यानं ती निकामी झाली होती, आत पेजेसारखा चिकट द्रव भरला होता. एस्टीत शेजारच्यानं विचारलं, "लोणचं का, पावणं?" तो "व्हय" म्हणाला, पण बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"म्हंजे कॅन्सर?"

"हो." आरफांनी नजर वळवली नाही. "फार क्वचित होणारा. माझ्या हातात असा पहिलाच आलाय. खडा वर्षानुवर्षं घासत राहिला की ते अस्तर कधीकधी आपला गुण सोडतं, आतड्यासारखं वागायला लागतं. आता ठरवायचंय ते एवढंच, की ह्या विहिरी इथंच खोदल्या गेल्या, की आतड्यातला कॅन्सर इथवर पसरला. इथल्याच असतील तर किडनीबरोबर निघाल्यात. कापलेली कड साफ आहे. आतड्यातून आल्या असतील तर मग अवघड आहे."

त्यांनी सर्जनचा कागद पुढ्यात ओढला. "आतड्याची तपासणी करावी लागेलच. पण मला एक सांगा. त्यांच्या लघवीतून कधी चिकट, शेंबडासारखं काही जायचं? इथं लिहिलंय, विचारल्यावर त्या नाही म्हणाल्या."

हौशीरामनं टोपी हातात घेतली. तिची घडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

प्रयागबाई एकदा बोलली होती. कांद्याच्या चाळीत दोघं सडके कांदे निवडत होते, तेव्हा मान वर न करता तिनं अगदी हेच सांगितलं होतं. बायको असं काही बोलेल, हेच त्याला नवं होतं. तो उठला आणि लाइट नसताना मोटर चालू करायला निघून गेला. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

"जायचं," तो म्हणाला. "दोन वरसं झाली. मला एकदाच बोलली व्हती."

"नक्की?"

"चाळीत. हा शबुद न् शबुद."

आरफांनी लिहून घेतलं. "दोन वर्षं लघवीतून जात होतं, म्हणजे ते किडनीतच पाझरत होतं. मग ह्या इथल्याच असाव्यात, असं मला वाटतं. खात्री तपासणीनंतर. पण बरं झालं, त्या तुमच्यापाशी तरी बोलल्या."

"कसलं बरं, डॉक्टरीणबाई?" हौशीराम म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून उठला.

शिनोलीला घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. प्रयागबाई अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

"काय म्हनली डॉक्टर?"

त्यानं सगळं सांगितलं. कॅन्सर सांगितला, विहिरी सांगितल्या, आतड्याची तपासणी सांगितली. शेवटी म्हणाला, "तिनं इचारलं, लघवीतून चिकट जायचं का. मी व्हय म्हनलो."

तिचे हात थांबले. शेंग तशीच अर्धी सोललेली राहिली.

"म्हंजे ऐकलं व्हतं तुमी तवा."

हौशीराम म्हणाला, "दुसऱ्या दिशी घोडेगावच्या बाजारातनं धने आणले व्हते. किलोभर. लघवीला बरे असत्यात म्हनून."

"ते व्हय! गुमान मिरचीच्या डब्याशेजारी पिशवी ठिवून गेला तुमी. मला वाटलं मसाल्याला आणले." ती हसायला लागली. हसताना टाक्यांची जागा ताणली, तशी तिनं बरगडीखाली हात दाबला. "कुटून टाकले की समदे. वरीसभर आमटीत तुमीच वरपलं माझं औषध."

त्यालाही हसू येऊ पाहत होतं, आलं नाही.

तिनं शेंगांची पाटी बाजूला सारली आणि खाटेवर त्याला जागा केली.

"मग आता सांगा. कसे घ्यायचे व्हते?"

हौशीराम खाटेच्या कडेला टेकला.

"रातीला भिजत घालायचे," तो म्हणाला. "सकाळच्याला गाळून पानी प्यायचं."