तळहातातली चकती

"पुढच्या वर्षी भर की अर्ज," मटार सोलता सोलता प्रमिलाताई म्हणाल्या. "घाई कसली आहे?"

"आई, गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. आज शेवटचा दिवस आहे."

शाल्मलीला डॉक्टर व्हायचं होतं. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याच्या तळहातात एक चकती बसवत. मग ज्याला हात लावावा त्याची वेदना आपल्याच अंगात उमटे. चकती पुन्हा काढता येत नसे.

"शेजारची केतकी सुट्टीत घरी आली आणि आजोबांच्या पाया पडायला वाकली, ती कळवळून खालीच बसली," प्रमिलाताई म्हणाल्या. "तेव्हापासून आजोबा तिला लांबूनच आशीर्वाद देतात."

त्या हसल्या. हसताना त्यांनी बरगडीवर हात दाबला आणि चटकन काढून घेतला.

शाल्मलीने ते पाहिलं. डॉक्टरांनी आजारापुढे हात टेकल्यापासून आई 'बरं आहे' एवढंच सांगायची.

"मी तुझा हात धरेन, याची भीती वाटते ना तुला?"

"लोकांचं दुखणं ओळख, बाई. मी काही लोक नाही. माझं सगळं आटोपलं की भर अर्ज."

शाल्मलीने समोरच्या पडद्यावरचा अर्ज बंद केला.

"थांबते. पण मग कुठे दुखतंय ते तू तोंडाने सांगायचं. रोज आणि खरं."

प्रमिलाताईंनी मटार बाजूला सारले.

"डावीकडे," त्या अखेर म्हणाल्या. "श्वास घेतला की जास्त. बस जवळ, सांगते."