देवराईतली शपथ
सीमेच्या दगडापाशी शांतिसैनिकांनी टेबल मांडलं होतं. बाकीच्या बंडखोरांनी बंदुका देऊन टाकल्या. माझा जिबालेन मात्र आपली बंदूक धरून उभा. "शपथ तू घातलीस, आई. आधी देवराईत ताडी ओतून ती सोडव, मग देतो." "बावीस वर्षं जंगलात काढली, आणि आता म्हातारीला चालायला लावतोय बघा!" माझी जाऊ म्हणाली. सगळे हसले. फ्रेंचांनी आणि पोर्तुगीजांनी रेघ ओढली तेव्हा आमचं गाव दगडाच्या अलीकडे राहिलं, देवराई पलीकडे गेली. तिथेच मी त्याच्या नावाने शपथ घातली होती, की आमचा कासामान्स मुलूख स्वतंत्र होईतो त्याने बंदूक खाली ठेवायची नाही की घरी परतायचं नाही. जिने घातली तिनेच ती सोडवायची असते. मी ताडीचा भोपळा घेतला, पण पाऊल उचलेना. "ती मी केव्हाच सोडवली रे बाळा," मी म्हणाले. "तू गेलास त्याच्या दुसऱ्याच वर्षी. रोज तुझ्या नावाने देवाला पाणी घालायची. एक दिवस धीरच सुटला." "मग सांगितलं का नाहीस?" "शपथ घातली तेवढी पुरुषाला सांगतात; बायकांच्या देवराईतलं बाकी काही सांगत नाहीत. वाटलं, देव तुला आपणच आणील." त्याने बंदूक टेबलावर ठेवली. शांतिसैनिकाने नाव विचारलं, ते सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोनदा आलो होतो मी या दगडापर्यंत. तुझ्या चुलीचा धूर दिसत होता. तुझी शपथ मोडायला नको म्हणून परत गेलो."