झोपेतला हात

बंकटला जाग आली तेव्हा त्याचा उजवा हात मोकळा होता. वनमालाला झोप लागल्यावर त्याने जुन्या लुगड्याच्या काठाने मनगट पलंगाच्या पायाला बांधलं होतं, दातांनी गाठ आवळली होती. आता काठ फरशीवर पडला होता. शेजारी वनमाला पाठमोरी निजली होती आणि तिच्या दंडावर काल नसलेले चार निळे डाग उठले होते. चार बोटं रुतावीत तसे.

पंधरवडाभर हेच चाललं होतं. बंकट मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कणीक मळायचा. हातात ताकद होती, पण तो हात त्याने बायकोवर कधी उगारला नव्हता. निदान जागेपणी तरी नाही. डाग मात्र रोज नवे, कधी मांडीवर, कधी कमरेवर. विचारलं की वनमाला म्हणायची, "आपटलं असंल कुठंतरी," आणि पदर ओढून घ्यायची. त्याची आई छबुबाई मात्र आडपडदा ठेवणारी नव्हती.

"तुझा बाप जागेपणी मारायचा, तू झोपेत मारतोस," ती म्हणाली होती. "तेवढाच फरक हाय."

तेव्हापासून तो हात बांधून झोपत होता.

वनमाला उठून मोरीवर मिश्री लावायला बसली. थुंकली ते लाल. चूळ भरली, पुन्हा लाल. रक्त काही थांबेना. बंकटने मोटारसायकल बाहेर काढली, तशी छबुबाई दारात आडवी आली.

"बीडच्या डॉक्टरला काय सांगशील? पोलीस बोलावतील की ती लोकं."

"बोलावू दे," तो म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले आणि बंकटकडे पाहिलं. काही विचारायच्या आत तोच बोलला. "मॅडम, मीच मारतो हिला. झोपेत. मला कळत न्हाई." वनमाला खाली बघत राहिली. ती नाही म्हणाली नाही, आणि ते बंकटच्या काळजाला लागलं.

बाईंनी तिची साडी जरा वर सरकवली. नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके, मोजता येणार नाहीत इतके. मग तोंड उघडायला सांगून आत बॅटरीचा उजेड पाडला.

"गालाच्या आतून डाग आहेत. जिभेवरही आहे," त्या म्हणाल्या. "इथे कसं मारता?"

नर्सने वनमालाच्या हातातून रक्त काढलं, सुईच्या जागी कापूस ठेवला आणि दोघांना बाहेर बाकावर बसवलं.

रिपोर्ट घेऊन बाई स्वतःच बाहेर आल्या. "आपल्या रक्तात प्लेटलेट नावाच्या पेशी असतात. बारीक शिरांना कुठे ना कुठे चीर पडत असते, ती त्या बुजवतात. त्या लाखांनी लागतात. हिच्याकडे काही हजारच उरल्यात. झोपेत हिचाच हात अंगाखाली आला, तरी आतल्या आत रक्त सांडतं. तुम्ही मारत नाही आहात. का घटल्या ते शोधू, पण आधी दाखल करा. डोक्यात रक्त सुटलं तर मला काही करता येणार नाही."

बायकोच्या जिवावर बेतलं होतं आणि बंकटला हायसं वाटलं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याला गाठ आठवली.

"माझा हात कोण सोडायचं गं?"

"मी. लई गार पडायचा."

"मीच मारतो, असं वाटत न्हवतं तुला?"

"वाटत होतं."

"मग सोडायचीस कावून?"

"गार हात तसाच ठिवायचा व्हय?" वनमाला म्हणाली.

तिच्या हातावरचा कापूस एव्हाना भिजून चिंब झाला होता. रक्ताचा थेंब कोपरावरून फरशीवर पडला. नर्स धावत आली, नवा कापूस लावला आणि बंकटवर खेकसली, "बघत काय बसलात? दाबून धरा की घट्ट."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. वनमालाने त्यातला उजवा ओढून घेतला आणि त्याचा अंगठा कापसावर ठेवला.

"दाबा."

त्याने दाबलं. अंगठा बराच वेळ उचलला नाही. नर्सने कापूस उचलला तेव्हा रक्त थांबलं होतं. पण कातडी निळी होऊ लागली होती. दोघं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डाग हळूहळू वर आला, अंगठ्याएवढा झाला, मग त्याहून मोठा.

"एवढा मात्र तुमचा," वनमाला म्हणाली.