ओले केस

मार्गदर्शक रेवतीताईंनी भविष्य दाखवणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं आणि पडद्यावर शालन आली, वीस वर्षांनंतरची, म्हातारी झालेली. गेल्या चारही भेटींत ही बाई खुर्चीत नुसते गुडघे चोळत बसलेली असायची. आज मात्र ती टॉवेलने केस पुसत होती.

पडद्यासमोर बसलेली आजची, बावन्न वर्षांची शालन चपापली. पोहण्याच्या क्लासचा फॉर्म तिने कालच भरला होता. घरी सांगायचा धीर झाला नव्हता.

"हसतील हो सगळे," ती पुटपुटली.

"हसले की! नातवंडं तर अजून हसतात. पण पोहायला शिकली माझ्याकडूनच," पडद्यावरची म्हातारी म्हणाली.

शालन खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. "पाणी फार गार असतं का हो?"

"स्वतःलाच काय अहो-जाहो करतेस, वेडे! असतं ना गार. पहिल्या उडीपुरतं."