पाळत

साखर दोघांनाही होती, पण चालायचं नाव काढलं की काकूंचे गुडघे कुरकुरत. काका रोज संध्याकाळी एकटेच फिरायला जात. एकदा परतले, तर शर्टावर केकचा चुरा. काकूंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "कुठं काय?"

दुसऱ्या दिवसापासून काकू चपला अडकवून गुपचूप त्यांच्या मागावर निघू लागल्या. काका बेकरीपाशी घुटमळत, चोरासारखे इकडेतिकडे बघत आणि पुढे चालू लागत. रंगेहाथ काही सापडेनात.

तीन महिन्यांनी काकूंचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "साखर बरीच उतरलीय की. औषधं तर तीच आहेत, मग केलंत तरी काय?"

काकू पायातल्या चपलांकडे बघू लागल्या.

काकांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, आता जरा लांबची बेकरी धरू का?"