सायलेन्सरची जाळी

कडूबा मिस्त्रीनं माझ्या फटफटीच्या सायलेन्सरमधली जाळी काढून दिली आणि आवाज असा भारी झाला की मी अमडापूरचा नाला ओलांडला की घरी बायकोला, सत्यभामेला कळायचं. ती तेव्हाच तव्यावर भाकर टाकायची.

काल दुपारी मी फटफटी बंद करून ढकलतच घरी आणली, सत्यभामेला कळलंही नाही, आणि सायलेन्सर सोडवून अंगणात काजळी खरवडत बसलो होतो. फटफटी समोरच उभी होती.

नाल्याकडून तोच आवाज आला. जवळ येत गेला आणि घराच्या मागल्या दाराशी बंद झाला.

आत भाकर थापणं सुरू झालं.

"आले काय हो?" सत्यभामा म्हणाली. "हात धुवून घ्या, भाकर टाकली."

मी तोंड उघडलं, तोच न्हाणीत पाणी पडू लागलं. कुणीतरी सावकाश हात धूत होतं.

माझे हात काजळीनं काळेच होते.