बारा हजार पावलं

"बारा हजार चारशे," तेजरामनं खाटेवरूनच आकडा वाचला.

धुरपता न्हाणीत पायांचा चिखल धूत होती. घरात शिरताच तिनं मनगटावरचा पट्टा सोडून त्याच्या पुढ्यात टाकला होता. चालायचं तिनं, वाचायचं त्यानं, अशी ती वाटणी होती.

पट्टा लेकानं, प्रफुल्लनं, हैदराबादहून पाठवला होता. बापासाठी. हातात बांधला की दिवसभराची पावलं मोजतो, आणि आकडा तिकडे प्रफुल्लच्या मोबाईलात दिसतो. पहिल्या दिवशी तेजरामची पावलं भरली एकशे साठ. त्यातली निम्मी चार्जर शोधण्यात गेली असावीत. प्रफुल्ल फोनवर चिडला. असंच बसून राहिलात तर पाय जातील, म्हणाला. दुसऱ्या दिवशी धुरपता भाताच्या रोवणीला निघाली, तर तेजरामनं पट्टा तिच्या बांगड्यांच्या मागे अडकवला.

"तू त चालतेसच," तो म्हणाला. "तुयी पावलं अशीबी वायाच जाते."

हाच तेजराम बत्तीस वर्षं सायकलनं वरठीच्या कारखान्यात गेला. वारा असो, चिखल असो, पाळी चुकवली नाही. एकदा सायकलचं चाक मोडलं, तर ती खांद्यावर घेऊन तीन कोस चालत आला, आंघोळ केली आणि शेजारच्या गावच्या मंडईच्या जत्रेला दंडारीचा खेळ पाहायला निघून गेला. आता ती सारी ताकद उजव्या अंगठ्यात उतरली होती. मोबाईलवर कुठे अस्वल विहिरीत पडे, कुठे परदेशातली बाई केक कापे, आणि ते पाहिल्यावाचून तेजरामचं अडे. एक मास्तर रोज सकाळी गुडघ्यांचा व्यायाम शिकवी. तोही तेजराम न चुकता पाही. लोडाला टेकून.

भाताच्या बांधीत ही गोष्ट लपून राहिली नाही. रोवणी करताना बायका वाकून मागे मागे सरकतात. शेजारी रोवणाऱ्या शकुनबाईनं तो पट्टा पाहिला, कशाचा म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून हातातली पऱ्ह्यांची, भातरोपांची पेंडी खाली ठेवून हसली. "धुरपते, तुया बुढा उलटा चालून राहिला न वं."

संध्याकाळी प्रफुल्लचा फोन येई. तेजराम आवाज मोठा करून ठेवी. "बाबा, बारा हजार! आमच्या ऑफिसातली पोरंबी इतकी चालत नाहीत." एकदा तो असंही म्हणाला, की आईलाही सांगा, घरी बसून राहू नको, बाबांसारखं फिरत जा. धुरपतानं तोंडात पदर कोंबला आणि भिंतीला धरून हसली. पण चूल पेटवायला ती उठे ती फोन संपल्यावरच. सदुसष्ट वर्षांत तिची पावलं कोणी मोजली नव्हती. लेकाच्या आवाजात तो आकडा ऐकताना तिला बरं वाटे. कोणाच्या नावानं का होईना.

रोवणी संपली. निंदणही संपलं. तरी धुरपता काही कामाशिवाय तलावाच्या पाळीवर, बांधावर जाई, दोन टोकं गाठून येई. लोकांना वाटे, शेणासाठी गेली. घरी आली की तेजराम पाणी मागे. पाणी तीच देई, चहा खाटेवर तीच देई, पिकदाणी सरकवून तीच देई. देताना बडबडे, की याच्यापेक्षा घरचा बैल बरा, बसला तरी रवंथ करते. तेजराम ऐकून घेई. त्याचं लक्ष केकाकडे असे.

भादव्यातल्या एका सकाळी मात्र त्यानं मोबाईल उलटा ठेवला. पायात मुंग्या येतात, उठताना मांड्या लटपटतात, असं काहीसं तो बोलला. मग हात पुढे केला.

"आज पट्टा मी घालतो. पाळीपर्यंत जाऊन पायतो."

धुरपतानं मनगट मागे घेतलं.

"राहू द्या. तुमच्यानं दोनशे होतील. पोराले कायले घोर लावता?"

तेजरामनं हात मागे घेतला. मोबाईल सुलटा केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाटेवरून उतरायला गेला आणि जागच्या जागी कोसळला. मोबाईलला ओरखडाही आला नाही. मांडीचं हाड मोडलं. प्रफुल्ल मिळेल त्या गाडीनं आला आणि स्टेशनावरून थेट भंडाऱ्याच्या दवाखान्यात शिरला. डॉक्टर तेजरामची पोटरी चिमटीत धरून उभे होते. हाड जुळेल, ते म्हणाले, पण त्यावर उभं राहायला पायात मांस कुठे आहे? किती महिने बसून आहेत हे?

प्रफुल्ल भडकला. त्यानं मोबाईल काढून डॉक्टरांसमोर धरला. आखाडापासूनचा एकेक दिवस होता त्यात. बारा हजार. अकरा हजार नऊशे. तेरा हजार.

"चालणारा पाय असा नसतो," डॉक्टर एवढंच म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

तेजरामनं भिंतीकडे तोंड केलं. प्रफुल्ल मोबाईलकडे पाहत राहिला, मग बापाच्या काडीसारख्या पायांकडे, मग आईकडे.

"आई, मग हे कोण चाललं?"

पट्टा तेजरामनंच हाताला बांधला, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तेच सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. धुरपतानं ते गिळलं.

"मीच चालली," ती म्हणाली. "यांच्या वाट्याचंही मीच चालली."